कापडाची कात्री

आमच्या घरात मूळच्या सात कात्र्या आहेत. त्यांतल्या सहा वेळेला सापडत नाहीत. सातवी कुठे असते हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक आहे, पण तिला हात लावायचा नाही. परिणामी दुधाच्या पिशवीचा कोपरा दातांनी तोडणारं आमचं हे सुशिक्षित कुटुंब आहे. पहाटे ओट्यापाशी पिशवीशी झटापट करणारे 'हे' आणि चार पावलांवर, कपाटाच्या दुसऱ्या खणात, खादीच्या पिशवीत निवांत झोपलेली १० इंची कात्री, असा देखावा मी गेली कित्येक वर्षं अंथरुणातून नुसता ऐकते आहे.

ही सातवी म्हणजे 'कापडाची कात्री'. बाकीच्या सहा मिशीपासून कोथिंबिरीपर्यंत पडेल ते काम करतात आणि काम झालं की पडतील तिथे राहतात. एक तर दोन दिवाळ्यांपूर्वी दिवाणात गेली ती गेलीच. सातवीचं तसं नाही. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात जसं सोवळं असायचं तसं माझ्या शिवणाच्या कोपऱ्यात या कात्रीचं आहे. आजीच्या सोवळ्यात रेशीम चालायचं, सुताला मात्र लगेच विटाळ व्हायचा. माझ्या सोवळ्यात रेशीम, सूत, लोकर सगळं चालतं. कागद चालत नाही. आजीला त्यामागचं शास्त्र विचारायची कुणाची छाती नव्हती. मला सगळे विचारतात.

शास्त्र आहेही. कागद पांढरा आणि गुळगुळीत दिसावा म्हणून त्यात चिनीमाती, खडूची पूड असलं काहीबाही घातलेलं असतं. आपण कागद कापतो तेव्हा कात्रीच्या धारेवरून खरं तर भांडी घासायची राखच फिरवत असतो. एकदोनदा फिरवल्यानं काही होत नाही, आणि तिथेच सगळी पंचाईत आहे. 'एकदाच घेतली होती' असं सांगणारी माणसं आमच्या घरात पाच आहेत. पाचांचं 'एकदाच' मिळून वर्षाला शंभर वेळा होतं. त्यात कुरिअरच्या खोक्यावरची चिकटपट्टी कापली की तिचा डिंक पात्यांना बसतो आणि नंतर कापड कापताना पाती एकमेकींवरून सरकण्याऐवजी रुसल्यासारखी अडतात.

धार गेल्याचं पहिल्यांदा कुणालाच कळत नाही. कागद कापला जातो, दोरा कापला जातो, जाडजूड पडद्याचं कापडही कापलं जातं. खरी परीक्षा मलमल घेते. मलमलीचा एकेरी पदर धरून अगदी टोकानं कातरून पाहावं. धार असेल तर 'कच्' असा एकच स्वच्छ आवाज येतो. नसेल तर पाती कापड कापत नाहीत, चावतात. कापड दोन पात्यांच्या मध्ये दुमडून बसतं आणि माझ्याकडे बघत राहतं. अशा वेळी मी मलमल हातात घेऊन बाहेरच्या खोलीत जाते आणि सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहते. कुणी काही बोलत नाही. एकजण वर्तमानपत्र उलटं धरतो.

ही कात्री सासूबाईंनी मला दिली. मामंजी रेल्वेत होते, कामानिमित्त उत्तरेकडे गेले असताना मेरठहून त्यांनी ती आणलेली. मेरठला कात्र्या बनवणाऱ्यांचा अख्खा मोहल्लाच आहे, आणि तिथल्या कात्र्या पिढ्यान्‌पिढ्या मोटारींच्या, रेल्वेच्या भंगारातल्या पोलादापासून घडवल्या जातात. २०१३ साली या कात्र्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे नागपूरच्या संत्र्याला जो मान तो मेरठच्या कात्रीला. माझ्या कात्रीच्या पोटात रेल्वेच्या एखाद्या डब्याचा अंश असेल या कल्पनेनं मामंजी फार सुखावत. ती सरळ रेषेत कापते त्याचंही श्रेय ते रुळांना देत.

या मेरठी कात्रीविषयी तिकडे एक म्हण आहे. आजोबांनी विकत घ्यावी आणि नातवानं वापरावी, अशी ती टिकाऊ असते, असा तिचा अर्थ. म्हण ऐकायला गोड आहे, पण मी बँकेत नोकरी केलेली बाई आहे, मला मधली नोंद गाळलेली चालत नाही. आजोबांनी घेतली, नातवानं वापरली, मग मधली पन्नास वर्षं कापडं कोण कापत होतं? तिला कागदापासून, कामट्यांपासून, शेजारच्या बायकांपासून कुणी वाचवलं? त्या आजीचा म्हणीत कुठे पत्ताच नाही.

कामट्यांचं नाव निघालंच आहे तर सांगते. आमचे चिरंजीव सहावीत असताना त्यांनी आकाशकंदील करायला घेतला. जिलेटीनचा कागद झाला, सोनेरी कागद झाला, मग बांबूच्या कामट्या लांब पडल्या म्हणून त्याही माझ्या कात्रीनं तोडल्या. आणि कामट्या बांधायची बारीक तारही. मी तेव्हा बँकेत होते. घरी आले तर कंदील लागलेला आणि सगळे दारात उभे, मी काय म्हणते ते ऐकायला. कंदील फार सुरेख झाला होता, अगदी शेपट्यांपर्यंत. मी खाली उभी राहून वर बघत होते, कौतुक करत होते आणि मनात कात्रीचा विचार करत होते. तिच्या टोकापासून बोटभर अंतरावर एक बारीक दात पडला होता. पुढे कित्येक महिने मी कापलेल्या प्रत्येक कापडात ठरलेल्या जागी एक धागा सुटा राहायचा. त्या वर्षी शिवलेल्या सगळ्या उशांच्या अभ्र्यांवर त्या कंदिलाची सही आहे.

त्यानंतर मी कात्री लपवायला सुरुवात केली. तांदळाच्या डब्यामागे, पैठणीच्या घडीत, एकदा तर देवघराच्या खालच्या कप्प्यात. देवघरातली सासूबाईंनी फुलवाती कापायला काढली. फुलवाती म्हणजे कापूसच, म्हणजे सोवळ्याच्या नियमांत बसणारा, त्यामुळे मला काही बोलताही आलं नाही. मग मुठीला लाल फीत बांधली. नातवाला वाटलं, वाढदिवसाची भेट आहे. न्यू जर्सीला राहणारी माझी भाची गोधड्यांच्या तिकडच्या छंदात आहे. ती सांगते की तिथल्या बायका कात्रीच्या दोन्ही मुठींतून एक छोटं कुलूप घालून ठेवतात. मी तिला म्हटलं, आमच्याकडे किल्लीचा खण अडकला तर तो उघडायला हे कात्रीच शोधतील.

एवढी वर्षं राखण करून कात्रीपेक्षा माझ्या जिभेलाच जास्त धार आली आहे, असं ह्यांचं मत आहे. तिला वेगळी धार लावून आणावी लागत नाही, असंही ते म्हणतात.

कात्रीला मात्र लावून आणावी लागते. पूर्वी ते सोपं होतं. दुपारी आवाज यायचा, 'धाऽऽर, चाकू, सुरी, कात्री, धाऽऽर', आणि पाठोपाठ पाट्याला टाकी लावणाऱ्या बायकाही येऊन जायच्या. म्हणजे घरातली हत्यारंही तीक्ष्ण आणि दगडही खरखरीत, अशी दोन्हीकडची सोय दारात व्हायची. धारवाला सायकल स्टँडवर चढवायचा, पट्टा अडकवायचा आणि सीटवर बसून जागच्या जागी पेडल मारायचा. पुढे सहाण गरगर फिरायची, ठिणग्या उडायच्या. आम्ही पोरं ठिणग्यांसाठी जमायचो आणि घरी जाऊन आणखी एखादी सुरी बोथट आहे का ते शोधायचो. नसली तर तशी करायचो.

ज्या लोकांनी हे काम पिढीजात केलं ते शिकलगार. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे हे आडनाव आजही भेटतं. मूळ शब्द अरबी, 'सैकल' म्हणजे लखलखीत करणं, तलवारीला तेज आणणं. तलवारी गेल्या, विळ्या-कात्र्या राहिल्या. आणि त्यांच्या चाकातला तो कुरुंदाचा दगड. हिऱ्याची कठीणता १० धरली तर कुरुंदाची ९ भरते. माणिक आणि नीलम ही त्याच कुळातली श्रीमंत भावंडं. म्हणजे आमच्या चौकात सायकलीवर जे फिरायचं ते माणकाचं गरीब भावंडच होतं. इंग्रजांनीसुद्धा या दगडाचं नाव तमिळ 'कुरुंदम्'वरूनच घेतलं.

ठिणग्या बघायला छान, पण कापडाच्या कात्रीला त्या मानवत नाहीत. पोलाद घडवताना त्याला 'पाणी' देतात, त्यावर धार टिकते की नाही ते ठरतं. कोरड्या चाकावर जोरात घासलं की पात्याची कड तापते. आधी पिवळसर दिसते, मग तपकिरी, मग निळी. निळी झाली की समजावं, तीनशे अंशांच्या आसपास जाऊन आली आणि तिथलं पाणी उतरलं. नंतर कितीही वेळा धार लावा, चार दिवसांत परत बोथट. माणसाचं पाणी उतरलं तरी त्याला निदान कळतं तरी.

हे सगळं मला कळलं ते कात्री बिघडल्यावर. मध्यंतरी आमच्या भागात धारवाले यायचे बंद झाले, म्हणून मी कात्री एका दुकानात दिली. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण दुकानदार भला माणूस होता आणि त्यानं पैसेही थोडे घेतले. फक्त त्यानं माझ्या कात्रीची पाती बाहेरून घासायची तशी आतूनही घासली. अगदी सपाट, चकचकीत. मला वाटलं, वा, केवढं मनापासून काम केलंय! घरी येऊन खणाचं कापड घेतलं तर कात्री ते कापेचना. वर्तमानपत्र घेतलं (हो, मीच घेतलं, कापडाची कात्री, रागाच्या भरात), तर तेही मध्ये दुमडलं.

कात्री घेऊन मी आमच्या कोपऱ्यावरच्या मास्तरांकडे गेले. मास्तर पंचाहत्तरीचे. पँटी शिवणं त्यांनी सोडलं आहे, आता फक्त उंची कमी करणं, चेन बदलणं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवणं एवढंच. त्यांनी कात्री मिटून उजेडाकडे धरली. म्हणाले, "बाई, चांगल्या कात्रीत मिटल्यावरसुद्धा मधून उजेड दिसला पाहिजे. बघा तुमच्या, दिसतोय?" दिसत नव्हता. मग त्यांनी आपली काढून दाखवली. दोन पात्यांच्या मध्ये, खिळ्यापासून टोकापर्यंत, केसाएवढी फट. पाती आतून किंचित खोलगट असतात आणि लांबीतही जरा बाक असतो. त्यामुळे ती सगळीकडे कधीच टेकत नाहीत. एका वेळी एकाच ठिकाणी टेकतात, आणि मिटत जाताना ते ठिकाण खिळ्यापासून टोकाकडे सरकत जातं. जिथे टेकतात तिथेच कापड कातरलं जातं. आतली खोलगट बाजू घासून सपाट केली की तो एकच बिंदू हरवतो. मग पाती एकमेकींवर नुसती घासत राहतात, मध्ये कापड बिचारं सापडतं.

इथे मास्तर आता संसाराचा दाखला देणार, अशी मला धास्ती वाटली आणि मी घाईनं पाकीट काढलं. पण त्यांनी फक्त खिळ्यावर मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकला आणि कात्री उघडझाप करून ते चिंधीनं पुसलं.

मास्तरांनी ती माझी कात्री त्यांच्या माहितीतल्या एका जुन्या कारागिराकडे पाठवली. त्यानं आतला खोलगटपणा जमेल तेवढा परत आणला. बाहेरच्या तिरक्या कडेला हातानं, सावकाश, दगडावर तेल घालून धार लावली. कात्री नवीसारखी झाली म्हणणार नाही, पण निवृत्तीनंतर फिजिओथेरपी घेतल्यावर माणूस जसा होतो तशी झाली. मास्तरांचं म्हणणं असं की त्यांच्याकडे 'बोथट झाली' म्हणून येणाऱ्या निम्म्या कात्र्या बोथट नसतातच. खिळा ढिला झालेला असतो, किंवा खिळ्यापाशी कापसाचा पुंजका साठलेला असतो. खिळा आवळला, पुंजका काढला, तेलाचा थेंब दिला की कात्री चालायला लागते. 'त्याचे पैसे घेता?' असं मी विचारलं नाही.

आणखी एक प्रकार मास्तरांनाही सुचला नव्हता. आमच्या सूनबाई नवीन आल्या तेव्हा त्यांनी दोनदा सांगितलं, "आई, तुमची कात्री चालत नाही." मी दोनदा धार लावून आणली. तिसऱ्यांदा त्या कापत असताना मी समोर बसले होते, तेव्हा दिसलं की त्या डाव्या हातानं कापताहेत. आपण वापरतो त्या जवळजवळ सगळ्या कात्र्या उजव्या हाताच्या असतात. उजव्या हाताचा अंगठा मूठ ढकलतो ती अशा बाजूला की पाती एकमेकींवर दाबली जातात. डाव्या हातात गेली की तोच जोर पाती फाकवतो, आणि नवीकोरी कात्रीसुद्धा बोथट वाटते. शिवाय कापायची रेघ वरच्या पात्याखाली दडते. सूनबाईंना लहानपणापासून वाटत आलं होतं की आपल्याला कापताच येत नाही. त्यांच्यासाठी डाव्या हाताची कात्री मागवली. ती हातात धरून त्यांनी पहिल्यांदा सरळ कापलं त्या दिवशी घरात आठवी कात्री आली, आणि ती एकच अशी आहे जी बाकी कुणी पळवू शकत नाही. मला हेवा वाटला.

माझ्या आईचा एक नियम होता, की रिकामी कात्री वाजवायची नाही, घरात भांडणं होतात. दिवेलागणीनंतर कापड कापायचं नाही हा दुसरा. दुसऱ्यामागे कंदिलाच्या उजेडात वाकडं कापलं जाणं एवढंच असावं. पहिल्याबद्दल मला आता वेगळा संशय आहे. धार नुकती लावलेली असताना कापडाशिवाय कात्री कचकच मिटत राहिलं की कडा कडांवर घासतात, त्याचा धारेला काहीच फायदा नाही. पोरांना हे समजावत बसण्यापेक्षा भांडणाची भीती घालणं सोपं. आणि खरंच सांगते, आमच्या घरात कात्रीवरून जेवढी भांडणं झाली तेवढी पैशांवरून झालेली नाहीत. नातू झाला तेव्हा सासूबाईंनी बाळाच्या उशाखाली लोखंड हवं म्हणून कात्री नेली. ती कुठली असणार? बारा दिवस त्याची दुपटी शिवायची राहिली, कारण दुपट्यांची कात्री दुपट्याखाली होती.

घरगुती धारेचे उपायही सगळे करून झाले आहेत. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल सहा पदरी करून कापा, पॉलिश पेपर कापा, काचेच्या बाटलीच्या मानेवर कात्री मिटत आणा. यांनी धार लागत नाही. धारेची वाकलेली कड तेवढी जरा सरळ होते, विस्कटलेल्या केसांवरून कंगवा फिरवल्यासारखी. पाहुणे यायच्या आधी पुरेसं, लग्नाला जायचं तर नाही. सुरीचं तेवढं खरं आहे. पालथ्या कपाच्या बुडाची खडबडीत कड सुरीला चांगली धार देते. पण आमच्याकडे सासूबाई कप पालथा घालून सुरी घासू लागल्या की हे आपला चहा आधीच हातात घेऊन बसतात.

निवृत्तीनंतर मी जोडतुकड्यांच्या गोधड्या शिकायला लागले. आता हे 'गोधडी' म्हणावं का, असा मला प्रश्न आहे, कारण यात जुनं काही नसतं. दुकानातून नवं कापड आणायचं, त्याचे सारखे चौकोन कापायचे आणि मग ते परत जोडायचे. पहिल्यांदा ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग कापायचंच कशाला?" तर्कदृष्ट्या याला उत्तर नाही. पण त्यात धारेचं महत्त्व फार. प्रत्येक चौकोनात एक मिलिमीटरची चूक झाली तर वीस चौकोनांच्या रांगेत दोन सेंटिमीटर होतात, आणि गोधडीचा एक कोपरा दुसऱ्याला भेटायला तयार होत नाही. बोथट कात्री कापड पुढे ढकलते, म्हणून चूक तिथेच जन्माला येते.

भाचीनं मग मला रोटरी कटर आणून दिला. मुठीला लावलेलं गोल पातं, खाली रबरी पट, वर जाड पट्टी, की चाक फिरवत जायचं. जपानच्या ओल्फा कंपनीनं १९७९ साली हा पहिल्यांदा काढला. त्याच कंपनीच्या संस्थापकांनी, योशिओ ओकादांनी, १९५६ मध्ये तो मोडत जायच्या पात्याचा चाकू शोधला होता. चॉकलेटच्या लादीचे तुकडे मोडतात तसं बोथट टोक मोडायचं आणि पुढचं वापरायचं. मला या दोन तत्त्वज्ञानांची मौज वाटते. मेरठ म्हणतं नातवापर्यंत सांभाळा, जपान म्हणतं मोडा आणि पुढे चला. माझा जीव मेरठमध्ये, हात जपानमध्ये, अशी माझी अवस्था आहे. कारण पातं बदलायचं म्हटलं की त्याची किंमत आठवते, आणि मी आणखी महिनाभर तेच रेटते.

रेटलेलं पातं स्वतःच चहाडी करतं. ४५ मिलिमीटरच्या पात्याचा परीघ सुमारे १४ सेंटिमीटर. पातं एखाद्या टाचणीवरून गेलं आणि एके ठिकाणी दात पडला की कापलेल्या कापडावर बरोबर दर १४ सेंटिमीटरला दोन धागे न कापलेले राहतात. मोजून बघा. घड्याळाच्या ठोक्यांसारखे.

पण या पात्याचा अंत टाचणीनं झाला नाही. सासूबाईंनी ते यंत्र बघताक्षणी विचारलं होतं, "अगंबाई, नवीन कातणं आणलंस का?" मी हसण्यावारी नेलं. दिवाळीत मी तुळशीबागेतून परत आले तर शंकरपाळी तळून तयार, आणि एकेक शंकरपाळं असं रेखीव की पट्टीनं आखल्यासारखं. ते पट्टीनंच आखलेलं होतं. माझी जाड पट्टीही ओट्यावर होती. करंजीच्या कातण्याला कडेला नागमोडी असते, याला नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. ग्रॅनाइटच्या ओट्यावर पातं संपलं. शंकरपाळी मात्र सगळ्यांना आवडली. मशीनच्या तेलाचा वास कुणाला आला नाही, किंवा आला तो वनस्पती तुपाचा समजला गेला.

मागच्या पावसाळ्यानंतर सासूबाईंनी हट्ट धरला की त्यांच्या जुन्या नऊवारी लुगड्यांची एक खरी गोधडी व्हावी. "तुझी ती चौकोनांची नको, पांघरायची हवी." म्हणून साताऱ्याकडच्या, गोधड्या शिवून देणाऱ्या एक मावशी आल्या. त्या वाकळ म्हणतात. नेसून नेसून सायीसारखी मऊ झालेली पाच लुगडी आणि मामंजींचं एक धोतर त्यांनी हॉलमध्ये पसरलं. चार कोपऱ्यांवर वजन म्हणून वरवंटा, खलबत्ता, इस्त्री आणि ह्यांचा शब्दकोश. मी तयारीनं माझी सगळी हत्यारं मांडून ठेवली होती. मेरठची कात्री, भाचीनं आणलेली केशरी मुठीची फिस्कार्स, नवं पातं लावलेला कटर, पट, पट्टी, खडू. त्या केशरी मुठीची पण एक गंमत आहे. १९६७ साली फिनलंडमध्ये ती पहिल्यांदा केली तेव्हा फळांच्या रसाच्या यंत्रासाठी वापरलेलं केशरी प्लास्टिक उरलं होतं, तेच मुठीला लावलं, आणि तोच रंग त्यांची खूण होऊन बसला. म्हणजे तिकडेही उरलंसुरलं वापरायची रीत आहे तर. मी हे मावशींना सांगायला सुरुवात केली होती, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

त्यांनी मेरठची कात्री उचलली, हातात तोलली, "जड हाय," म्हणाल्या, आणि लुगड्याच्या काठाला बोटभर चीर दिली. मग कात्री खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी कापड धरून ओढलं. टर्रर्र करून नऊवार लुगडं आडवं फाटत गेलं, एका धाग्यावरून, इकडे नाही की तिकडे नाही. मी पट्टी, पट आणि जपानी पातं घेऊन जी रेघ मिळवायला धडपडते ती समोर पडली होती.

"कापड त्याची वाट त्येच धरतंय, ताई," त्या म्हणाल्या. "आपण निस्तं दार उघडून द्यायचं."

दिवसभरात त्यांनी कात्री चार वेळा हातात घेतली. बाकी सगळं घड्या घालणं, आत दुमडणं आणि धावदोरा. कडेनं सुरू करून चौकोनात चौकोन असा आत आत. टाचणी एक नाही. मी शेजारी बसून बघत होते.

तिसऱ्या प्रहरी चहा झाला. मावशींनी कनवटीची सुपारीची पुडी काढली. प्लास्टिकची, चकचकीत, न फाटणारी. इकडेतिकडे पाहिलं, समोर कात्री होती, ती घेतली.

"आज्जीऽऽ! कापडाची!" नातू किंचाळला. सूनबाईंच्या हातातला कप बशीत आपटला. "मावशी, मावशी, ती नको," म्हणत हे अर्धवट उठले आणि स्वयंपाकघरात दुसरी कात्री शोधायला पळाले. ज्यांनी त्या यंत्रानं शंकरपाळी कापली त्या सासूबाईसुद्धा कॉटवरून म्हणाल्या, "अगंबाई, ती नव्हे!" चिरंजीव ऑफिसच्या मीटिंगमधून कानाला यंत्र लावलेल्या अवस्थेत दारात आले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"चुकलं का काय?" मावशींनी विचारलं. कात्री उघडी, पुडीचा कोपरा पात्यांच्या मध्ये.

"छे, छे," मी म्हणाले. "कापा की."

'कच्' असा आवाज आला. स्वच्छ होता. हे स्वयंपाकघराच्या दारात कोथिंबिरीची कात्री घेऊन उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वर्षानुवर्षांच्या दुधाच्या पिशव्या दिसत होत्या.

मावशींनी सुपारी गालात सारली आणि परत खाली बसल्या. शेवटचा चौकोन मधोमध येऊन मिटला, त्यांनी गाठ मारली. कात्री गुडघ्याला लागून पडलेली होती. त्यांनी वाकून दोरा दातांनी तोडला.